आजीच्या नावाची फळी

ओसाका, ५ ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही "तिकडे देवळात कसलं श्राद्ध घातलंस म्हणे?" एवढंच विचारलंत आणि फोन आईकडे दिलात. मला तेव्हा धड काही सांगता आलं नाही. मग आई हळूच म्हणाली, "त्यांना वाटतंय तू बौद्ध झालीस." म्हणून हे पत्र. सावकाश वाचा, चष्मा लावून.

मी कुणी झालेली नाही. आपल्याकडे बौद्ध होणं म्हटलं की १४ ऑक्टोबर १९५६ चं नागपूर आठवतं. लाखो माणसांनी विचार करून, प्रतिज्ञा घेऊन केलेली ती गोष्ट. माझ्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना असं काही ठरवावंच लागलेलं नाही. ज्या देवळाच्या आवारात घराण्याच्या अस्थी, त्या देवळाचं ते घर. अशा घरांना 'दान्का' म्हणतात, आणि त्यातला 'दान' हा आपलाच दान आहे. सतराव्या शतकात सरकारने प्रत्येक घराला कुठल्या तरी देवळात नाव नोंदवायला लावलं, तेव्हापासूनची ही पद्धत. शेजारच्या आजींना मी एकदा विचारलं, तुमचा पंथ कुठला? तर त्यांनी आत हाक मारून मुलाला विचारलं.

पंथ शिंगोन. शिंगोन म्हणजे खरा शब्द, थोडक्यात मंत्र. देवळाच्या गाभाऱ्यात दाइनिची, म्हणजे महावैरोचन बुद्ध. ८०४ साली कूकाई नावाचा तिशीतला भिक्षू समुद्र ओलांडून चीनला गेला, चांगआनमध्ये हुइगुओ या गुरूंकडून त्याने दीक्षा घेतली आणि प्रज्ञ नावाच्या भारतातून आलेल्या पंडितांकडे तो संस्कृत शिकला. दोन वर्षांनी तो ही विद्या घेऊन परतला. लोक त्याला 'ओदाइशीसान' म्हणतात, आपण 'महाराज' म्हणतो त्या सुरात.

मी पहिल्यांदा या देवळात गेले ती ढोल ऐकून. जानेवारीची २८ तारीख होती. आजीला जाऊन तीन आठवडे झाले होते. तिकीट मिळेपर्यंत तेरावाही होऊन गेला होता, तेव्हा तुम्हीच म्हणालात, आता येऊन काय करणार. त्या दिवशी ऑफिसातून परत येताना देवळाचं दार उघडं दिसलं. दर महिन्याची २८ तारीख फुदोची, म्हणजे आपल्या अचलनाथाची. निळा देह, हातात तलवार आणि पाश, मागे ज्वाळा. त्याच्यापुढे 'गोमा' चालला होता. नावावरून ओळखलंतच तुम्ही, होम. जूशोकू म्हणजे देवळाचे प्रमुख पुजारी चौकोनी वेदीपुढे बसून लांब दांड्याच्या पळीने तेल सोडत होते, समिधा रचत होते, बाजूला त्यांचा मुलगा ढोल बडवत होता, आणि वीस-पंचवीस माणसं एका दमात काहीतरी म्हणत होती. पहिली आहुती कातेनला, म्हणजे अग्नीला: 'ओन आग्यानोएई सोवाका'. दोनदा ऐकल्यावर कानात लख्ख पडलं, ॐ अग्नये स्वाहा. मी दाराशी उभी राहून रडले, हे आईला सांगितलं होतं, तुम्हाला नाही.

आता जे मी केलं ते तुमचीच मुलगी करू जाणे. तिसऱ्या खेपेला चहा चालू असताना मी सगळ्यांदेखत जूशोकूंना सांगितलं, की 'सोवाका' नव्हे, 'स्वाहा' आहे. अथर्वशीर्षाच्या वेळी तुम्ही गल्लीतल्या पोरांना थांबवता ना, अगदी तसं. ते म्हणाले, "असेल. मला माझ्या गुरूंनी जसं दिलं तसं मी म्हणतो. ते बदलायचा अधिकार मला नाही." रागावले नाहीत, पण कान तापले माझे. तेवढ्यात शेजारच्या आजी म्हणाल्या, "चला, कप धुवायचेत."

तिथून मी खरी देवळात शिरले, म्हणजे मोरीवर. आई, तुला हे देऊळ लगेच कळेल. वाईला कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर पंगतीसाठी तू आणि काकू पहाटेपासून भाजी चिरत बसायचात ना, तोच गलका, फक्त आवाज हळू. कोण कुठलं भांडं घासणार हे ठरलेलं, आणि ते चुकलं तर तोंड फुगलेलं. मला दोन महिने फक्त कपच मिळाले. उन्हाळ्यात आवारातलं गवत उपटायचं काम आलं तेव्हा बढती झाल्यासारखं वाटलं.

बुधवारी दुपारी बायकांचं भजनी मंडळ असतं. 'गोएइका' म्हणतात. समोर घडीच्या रुमालावर एक छोटी घंटा आणि एक काशाची थाळी, डाव्या हाताने घंटा, उजव्या हाताने हातोडीचा ठोका. चाल इतकी संथ की मला वाटलं मध्येच विसरल्या. सरासरी वय तुमच्यापेक्षा जास्तच. दान्कांची मुलं टोकियोला गेली, तिथेच राहिली. कुणी थडगी हलवून शहरात नेली, की देवळाचं एक घर कमी होतं. जूशोकूंचा मुलगा आठवडाभर नोकरी करतो आणि सुट्टीला ढोल वाजवतो. पुढे देऊळ तोच चालवणार आहे. त्याच्या मनात काय आहे ते मी विचारलेलं नाही.

मे महिन्यात मंडळाबरोबर कोयासानला गेले. कूकाईला ८१६ साली सम्राट सागाकडून मिळालेला हा डोंगर, साधारण आठशे मीटर उंचीवर. नांबाहून रेल्वे गोकुराकुबाशीपर्यंत जाते, म्हणजे सुखावतीचा पूल, आणि तिथून केबलकार. मठातच उतरलो. कांदा नाही, लसूण नाही, मासे तर नाहीतच. आईचा चातुर्मास इथे बाराही महिने चालतो. तीळ वाटून, कुड्झू नावाच्या कंदाचं सत्त्व घालून शिजवलेला 'गोमादोफू', म्हणजे तिळाचा टोफू, मिळतो, त्यात सोयाबीन औषधालाही नसतं. पहाटे सहाला थंडगार दालनात बसून सूत्रपठण. माझ्या पायांना मुंग्या आल्या, ऐंशी वर्षांच्या आजी ताठ.

डोंगरावरच्या ओकुनोइन या समाधिस्थानाकडे दोन किलोमीटर वाट आहे, दोन्ही बाजूंना देवदारासारखी उंचच उंच झाडं आणि दोन लाखांहून जास्त समाध्या. जुन्या काळचा सरदार ओदा नोबुनागा तिथे आहे आणि त्याला दगा देणारा आकेची मित्सुहिदेही. बाबा, वाळवी मारणाऱ्यांच्या संघटनेने मारलेल्या वाळवीसाठी उभारलेला दगडही आहे, 'सुखाने झोपा' असा. तुम्ही माळ्यावरच्या पोथ्या आठवून काय म्हणाल ते मला ऐकू आलं. शेवटी कूकाईचं स्थान. ८३५ साली तो गेला असं तिथे कुणी म्हणत नाही. तो समाधीत बसलाय. आळंदीच्या लेकीला हे समजावून सांगावं लागत नाही, हो ना आई? रोज पहाटे सहाला आणि साडेदहाला त्याच्यासाठी पांढऱ्या लाकडी पेटीतून जेवण नेतात. त्याची सेवा करणारा भिक्षू आत काय दिसतं ते कुणालाही सांगत नाही.

सगळं गोडच लिहीत नाही. या डोंगरावर शतकानुशतकं बायकांना बंदी होती. १८७२ मध्ये सरकारने ती उठवली, तरी पुढे बरीच वर्षं ती टिकली. वेशीवर 'न्योनिन्दो' नावाचं छोटं देऊळ आहे. बायका तिथपर्यंत यायच्या, तिथूनच हात जोडायच्या आणि बाहेरच्या डोंगरकडेने फेरी मारायच्या. आम्ही बसमधून त्याच्या समोरून गेलो. सगळ्या एकदम गप्प झाल्या, मग एकीने डब्यातली संत्री वाटली.

आता श्राद्धाचं. सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे होतात त्याच्या आजूबाजूचे सात दिवस 'हिगान' म्हणजे पैलतीर. थडगी धुतात, तांदळाच्या चिकट गोळ्याला गोड पुरण फासून 'ओहागी' करतात. पुरणपोळी उलटी केली तर होईल तशी. यंदा आपली सर्वपित्री आली २१ तारखेला, हिगानच्या आत. कूकाई गेला (बघा, मी म्हटलंच) तोही २१ तारखेला, म्हणून दर महिन्याची २१ त्याची. मी सहज हे बोलले, तर शेजारच्या आजी म्हणाल्या, मग तुझ्या आजीचीही 'तोबा' लिहून घे.

तोबा म्हणजे स्तूप. उंच, पातळ लाकडी फळी, डोक्याशी खाचांनी पाडलेले पाच भाग. त्या भागांत जूशोकू कुंचल्याने सिद्धम या जुन्या भारतीय लिपीतली पाच अक्षरं लिहितात: ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, आप, पृथ्वी, वरून खाली. त्याखाली आजीचं नाव कातकाना या जपानी लिपीत. ओळीत शेवटची फळी तिची होती. नाव पुकारल्यावर मी जाऊन चिमूटभर धूप तीनदा निखाऱ्यावर सोडला. पिंड नाही, तर्पण नाही, दर्भ नाही. मुलीने करायचं नसतं हे मला माहीत आहे, बाबा. मला इथे ते कुणी विचारलंच नाही. तुम्ही त्याच दिवशी घाटावर केलंतच, त्यामुळे आजीचं काही अडलं नाही. हे मी माझ्यासाठी केलं. राग आला असेल तर येऊ दे, पण फोन आईकडे देऊ नका.

फळी वर्षभर उन्हापावसात उभी राहील, मग काढून जाळतील. त्या दिवशी ओहागी खाताना शेजारच्या आजींनी विचारलं, "लहानपणी तिला काय म्हणायचे?" मला फक्त सासरचं नाव माहीत होतं. आई, आजीचं माहेरचं नाव काय होतं? बाबांना विचारून कळव.

गुडघ्याला तेल लावताय ना? दिवाळीच्या फराळात चकल्या कमी आणि कडबोळी जास्त पाठव, इथे तीच आवडतात.

तुमची,
मनू