मार्गदर्शक स्वयंसेवकांसाठी : ठरलेल्या भेटींबाबत

सर्व ताई-दादांना नमस्कार.

गेल्या काही आठवड्यांत मुलांशी ठरलेल्या भेटी ऐनवेळी रद्द होण्याचं प्रमाण वाढलं आहे. नोकरी, प्रवास, घरचं आजारपण कुणाला चुकत नाही, हे आम्ही जाणतो. पण भेट रद्द करायची असेल तर शक्यतो आदल्या दिवशीच स्वतः फोन करा आणि त्याच फोनवर पुढची तारीख ठरवा. 'नंतर बोलू' एवढा मेसेज पुरेसा नाही. मोठ्यांनी दिलेले आणि न पाळलेले शब्द आपल्यातल्या कितीतरी मुलांनी आधीच पाहिले आहेत.

जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या संशोधकांच्या २००२ च्या अभ्यासात मार्गदर्शक आणि मूल यांच्या वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सर्वाधिक फायदा झालेला दिसला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांत मात्र मुलांचं स्वतःबद्दलचं मत आणखी खालावलं होतं. म्हणून पुढे वेळ देणं जमणार नसेल तर अचानक गायब होऊ नका. आम्हाला आधी कळवा आणि मुलांना प्रत्यक्ष भेटून निरोप द्या.

भेट सार्वजनिक ठिकाणीच घ्यावी, पालकांना वेळ-जागा ठाऊक असावी. आणि एखाद्या मुलाने कुणी त्रास देत असल्याचं सांगितलं, तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, त्याच दिवशी समन्वयकांना फोन करा.

आपापल्या पुढच्या भेटीची तारीख येत्या रविवारपर्यंत समन्वयकांना कळवावी.