अर्ध्या वाटेवरच्या रेणूंचाही हिशेब व्हावा

मा. विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

वनस्पती, जिवाणू, बुरशी आणि समुद्री जीव आपल्या शरीरात जे गुंतागुंतीचे रेणू घडवतात, ते साध्या रसायनांपासून प्रयोगशाळेत बांधून काढणे हे माझे काम आहे. अनुदानाची मुदत संपली की आमच्याकडून शेवटचा अहवाल मागवला जातो. त्यात एक रकाना असतो: ठरवलेले उद्दिष्ट साध्य झाले का? ज्यांचा रेणू पूर्ण झाला ते ‘हो’ लिहितात. ज्यांचे काम तिसापैकी बाविसाव्या पायरीवर थांबले त्यांना ‘नाही’ लिहावे लागते. त्या एका ‘नाही’मुळे बाविसाव्या पायरीपर्यंत जे जे हाती लागले तेही हिशेबातून बाद होते. हे पत्र त्या रकान्याविषयी आहे.

हॅलिकॉन्ड्रिन बी या रेणूची हकीकत मी थोडी सविस्तर सांगतो, कारण माझे सगळे म्हणणे त्यात आहे. 1986 मध्ये जपानमधील हिराता आणि उएमुरा यांनी हा रेणू एका समुद्री स्पंजातून वेगळा केला. 600 किलो स्पंजातून हाती आले साडेबारा मिलिग्रॅम. कर्करोगाच्या पेशींवर त्याचा परिणाम विलक्षण होता, पण एवढ्याशा चिमटीतून औषध उभे राहणे शक्यच नव्हते. पुढे न्यूझीलंडच्या समुद्रातून दुसऱ्या जातीचा तब्बल एक टन स्पंज गोळा केला गेला, त्यातूनही मिळाले सुमारे 300 मिलिग्रॅम. समुद्र उपसत राहणे हा मार्गच नव्हता.

हार्वर्डमध्ये योशितो किशी यांच्या गटाने 1992 मध्ये या रेणूचे संपूर्ण संश्लेषण पूर्ण केले. त्याच्या सांगाड्यात 32 कार्बन अणू असे आहेत की त्यांच्याभोवतीची मांडणी डावी की उजवी हे प्रत्येक ठिकाणी अचूक साधावे लागते. काम पूर्ण झाले हे मोठेच यश होते. पण रुग्णांच्या दृष्टीने खरी किंमत निघाली ती मधल्या टप्प्यावरच्या तुकड्यांची. संश्लेषणाच्या वाटेवर तयार झालेले भाग कर्करोगपेशींवर तपासले, तेव्हा कळले की परिणाम करणारा भाग म्हणजे रेणूचा फक्त उजवा अर्धा. डावा अर्धा नसला तरी चालत होते. किशींच्या मार्गावरून पुढे जात एसाय या जपानी कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या अर्ध्या रेणूची अनेक रूपे बनवली. शरीरात टिकत नसलेल्या एस्टर बंधाच्या जागी त्यांनी कीटोन बसवला. रेणुभार सुमारे 1,111 वरून 730 वर आला. त्यातून एरिब्युलिन तयार झाले आणि नोव्हेंबर 2010 मध्ये शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आधी अनेक उपचार घेऊन झालेल्या स्त्रियांवरील चाचणीत मध्यक जीवितकाल 10.6 महिन्यांवरून 13.1 महिन्यांवर गेला. ज्यांच्या घरात हा आजार आला आहे त्यांना त्या अडीच महिन्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मंत्रिमहोदय, समजा ते संश्लेषण उजवा अर्धा भाग तयार झाल्यावर थांबले असते, तर आमच्या त्या रकान्यात त्याची नोंद ‘नाही’ अशीच झाली असती.

आता हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते सांगतो, कारण मुदतीचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. एका पायरीला 80 टक्के यील्ड, म्हणजे घातलेल्या मालातून हाती येणारे उत्पादन, मिळाले तर आमच्याकडे ते चांगले मानतात. पण अशा तीस पायऱ्या एकामागून एक आल्या की शेवटी उरते 0.12 टक्के. म्हणजे निघालेल्या हजार रेणूंपैकी मुक्कामाला पोहोचतो जेमतेम एक. म्हणून सोळाव्या-सतराव्या पायरीवरच्या विद्यार्थिनीच्या हातात जे असते ते ग्रॅममध्ये मोजायचे नसते. रिअ‍ॅक्शन लावल्यावर ती ठरावीक वेळाने केशनळीने थेंबभर द्रावण काढते, टीएलसीच्या (मिश्रणातली संयुगे वेगवेगळ्या ठिपक्यांत दाखवणाऱ्या) पट्टीवर लावते, अतिनील दिव्याखाली धरते. जुना ठिपका फिका पडला का, नवा त्याच्या वर आला की खाली, हे पाहते. मग मिश्रण वेगळे करणारा कॉलम, मग ओळीने लावलेल्या नळ्यांमधली फ्रॅक्शन्स, म्हणजे वेगळे झालेले भाग, मग रोटा या फिरत्या यंत्रावर द्रावक उडवून टाकणे. फ्लास्कच्या तळाला उरतो तो काचेवरच्या धुरकट पापुद्र्यासारखा थर, चार-पाच मिलिग्रॅम. तेच घेऊन एनएमआर, म्हणजे रेणूची रचना दाखवणारी चुंबकीय तपासणी, करायची. नेहमीच्या ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये आम्लाचा अंश असतो आणि काही रेणूंना तोही सोसत नाही, म्हणून तिथे ड्युटेरेटेड बेंझिन वापरायचे. नोंद झाली की नळीतले द्रावण परत कुपीत घ्यायचे, एक थेंबही न सांडता, कारण पुढची पायरी त्यातूनच करायची असते.

रेणू असा हातात असताना अनुदान संपले तर काय होते? बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की काम थांबले, पुढे पैसे आले की तिथून सुरू करता येईल. तसे होत नाही. मधली संयुगे बहुतेकदा नाजूक असतात, काही महिन्यांत खराब होतात. विद्यार्थिनी पदवी घेऊन निघून जाते आणि अभिकर्मक कोणत्या क्रमाने घालायचा, तापमान उणे 78 अंशांवरून किती सावकाश वर आणायचे, कुठला रंग दिसला की रिअ‍ॅक्शन थांबवायची, हे तिच्या हातातले ज्ञान वहीत अर्धेच उतरलेले असते. नव्या माणसाला सतराव्या पायरीपासून नव्हे, पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. तीन वर्षांचे अनुदान तोडून पुन्हा तीन वर्षांचे देणे हे सलग सहा वर्षांच्या बरोबरीचे नसते. त्यातला मोठा काळ केलेलेच पुन्हा करण्यात जातो, आणि हा खर्च कोणत्याही अहवालात दिसत नाही.

वाटेत जे सापडते त्याचे मोल किती, याचे सर्वात जुने आणि भक्कम उदाहरण जीवनसत्त्व बी-12 चे. वुडवर्ड आणि एशेनमोझर या रसायनशास्त्रज्ञांच्या गटांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपासून 1972 पर्यंत त्यावर काम केले, शंभराहून अधिक माणसे त्यात होती. बी-12 आजही जिवाणूंकडूनच बनवून घेतले जाते, त्या संश्लेषणाचा कारखान्याला थेट उपयोग झाला नाही. पण मधल्या एका पायरीवर वलय बंद होताना मांडणी अपेक्षेच्या उलट निघाली. तिचा पाठपुरावा करताना वुडवर्ड आणि तरुण रोआल्ड हॉफमन यांनी 1965 मध्ये इलेक्ट्रॉनांच्या कक्षकांच्या सममितीचे, म्हणजे अशा अभिक्रियेत कोणती मांडणी निघेल हे सांगणारे, नियम मांडले. आज जगभरातले रसायनशास्त्राचे विद्यार्थी ते शिकतात. 1981 चा नोबेल पुरस्कार हॉफमन आणि केनिची फुकुई यांना मिळाला, वुडवर्ड तोवर हयात नव्हते. ती नकोशी निघालेली पायरी अहवालात ‘अडथळा’ म्हणून एका ओळीत संपवली असती तर?

प्रतिजैविकांचे उदाहरण आपल्या खात्याला अधिक जवळचे वाटेल. टेट्रासायक्लिन कुळातली औषधे 1948 पासून वापरात आहेत. ती जिवाणूंपासून मिळवायची आणि त्यांच्यावर थोडीफार रासायनिक डागडुजी करायची, अशी रीत दशकानुदशके चालली. रेणूच्या काही जागा मात्र अशा होत्या की तिथे या रीतीने हात घालताच येत नव्हता. 2005 मध्ये रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू मायर्स यांच्या गटाने दोन मोठे तुकडे वेगवेगळे बनवून शेवटी जोडण्याचा मार्ग प्रसिद्ध केला. तुकडा बदलला की नवे प्रतिजैविक, इतकी मोकळीक त्यात होती. त्या मार्गाने, पूर्वी दुर्गम असलेल्या जागी फ्लुओरीन बसवलेले एराव्हासायक्लिन आले आणि 2018 मध्ये पोटातील गंभीर संसर्गासाठी मान्य झाले. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे 2019 या एका वर्षात जगात थेट 12 लाख 70 हजार माणसे दगावल्याचा अंदाज आहे. आणि या उदाहरणात मार्ग प्रसिद्ध होण्यापासून औषधाला मान्यता मिळेपर्यंत तेरा वर्षे गेली. तीन वर्षांच्या फुटपट्टीने हे काम मोजताच येत नाही.

जीवशास्त्राला या रेणूंची गरज औषधापुरतीच नसते. ट्रॅपॉक्सिन हा बुरशीतला रेणू पेशीत नेमका कशाला चिकटतो हे माहीत नव्हते. 1996 मध्ये रसायनशास्त्रज्ञ श्रायबर यांच्या गटाने तो अशा रूपात बांधला की त्याला एक हूक जोडता यावा, आणि त्या हुकाने पेशीतले हिस्टोन डीअ‍ॅसिटिलेज हे एन्झाइम बाहेर ओढून काढले. आज त्या एन्झाइमांवर बेतलेली कर्करोगाची औषधे वापरात आहेत. निसर्गातून जसाच्या तसा मिळालेला रेणू इथे पुरला नसता, हूक बसवायला रसायनशास्त्रज्ञाचाच हात लागला.

नमुने जपण्याबद्दलही लिहिले पाहिजे. रॅपामायसिन हे ईस्टर बेटावरून 1964 मध्ये आणलेल्या मातीतल्या जिवाणूंपासून मिळाले. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर काम करणाऱ्या औषध कंपनीने आपली माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली आणि हा विषय गुंडाळला, तेव्हा सुरेन सेहगल या शास्त्रज्ञाने थोडा साठा घरच्या फ्रीजरमध्ये सांभाळून ठेवला. पुढे कंपनीचे व्यवस्थापन बदलल्यावर त्यांनी काम पुन्हा सुरू करवले. 1999 मध्ये मूत्रपिंड-प्रत्यारोपणातले औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली, आणि पेशीच्या वाढीचे नियंत्रण करणाऱ्या टीओआर या प्रथिनाचा शोधही याच रेणूमुळे लागला. सेहगल यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण विज्ञानाची व्यवस्था एका माणसाच्या घरच्या फ्रीजरवर विसंबून असू नये.

तेव्हा माझी मागणी अशी. नैसर्गिक संयुगांच्या संश्लेषणाला अनुदान देताना मुदत सुरुवातीलाच सहा-सात वर्षांची ठेवा आणि मध्यावर कसून परीक्षा घ्या. जनतेच्या पैशाचा जाब विचारला गेलाच पाहिजे, त्यातून सूट मी मागत नाही. मात्र त्या परीक्षेत ‘रेणू झाला का’ यापेक्षा ‘कोणती नवी संयुगे बनली, ती कोणत्या पेशींवर किंवा जंतूंवर तपासली, कोणती अभिक्रिया का फसली आणि त्यातून काय कळले’ हे विचारावे, आणि विचारणारे स्वतः प्रयोगशाळेत हाताने काम केलेले असावेत. मध्यावर काही नवे दिसले नाही तर अनुदान खुशाल बंद करा.

त्याला जोडूनच, जीवशास्त्रज्ञ सहकारी पहिल्या दिवसापासून प्रकल्पात असावा आणि त्याचा खर्च वेगळा धरलेला असावा. हॅलिकॉन्ड्रिनचे तुकडे तपासायला कोणी नसते, तर ते कपाटातच राहिले असते. आमच्याकडे नेमके हेच होते: रसायनशास्त्राचे पैसे एका खिडकीतून, वैद्यकाचे दुसऱ्या, आणि मधल्या कुपीची जबाबदारी कोणाचीच नाही. सार्वजनिक पैशातून बनलेले प्रत्येक मधले संयुग, मिलिग्रॅमभर का होईना, त्याच्या वर्णपटासह एका मध्यवर्ती संग्रहात जमा करण्याची अट घाला. उणे वीस किंवा उणे ऐंशी अंशांची शीतपेटी, नोंदवही सांभाळणारा माणूस आणि मागेल त्या संशोधकाला नमुना पाठवण्याची सोय, एवढे त्याला पुरते. एनएमआर आणि मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूचा भार मोजणारे यंत्र) चालवणारे तंत्रज्ञ कायम नेमणुकीवर असावेत, हेही यात येते. यंत्राच्या खरेदीला निधी मिळतो, पण एनएमआरचा चुंबक थंड ठेवणारे द्रव हेलियम वेळेवर भरणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद राहून जाते. अतिवाहक चुंबक एकदा बंद पडला की तो पुन्हा उभा करण्यात आठवडे जातात.

संगणक आता संश्लेषणाचे मार्ग सुचवतात, जनुके बदललेले यीस्ट आर्टेमिसिनिन या मलेरियावरील औषधाच्या आधीचे आम्ल बनवून देते, मग हाताने रेणू बांधणाऱ्यांवर पैसा कशाला, असा प्रश्न आपल्यापुढे नक्की येईल. या दोन्ही गोष्टींचे मी मनापासून स्वागत करतो. पण त्या यीस्टच्या आम्लापासून औषधापर्यंतचा शेवटचा टप्पा रसायनशास्त्रानेच पार पाडावा लागतो, आणि संगणक शिकतो तो माणसांनी लावलेल्या रिअ‍ॅक्शनांवरून. छापील लेखांत बहुतेक यशस्वी अभिक्रियाच असतात. फसलेल्यांची नोंद कुठेच नसल्याने संगणकाचेही शिक्षण एकांगी होते. अहवालाचा रकाना बदलला तर ही उणीवही भरून निघायला लागेल.

पुढच्या अनुदान-फेरीची जाहिरात निघण्यापूर्वी अहवालाचा नमुना बदलता येईल, त्यासाठी नवा कायदा लागत नाही. नव्या नमुन्याचा मसुदा आम्ही काही सहकाऱ्यांनी तयार केला आहे आणि आपल्या खात्याच्या अधिकाऱ्यांसमोर बसून त्यातला प्रत्येक रकाना समजावून द्यायची आमची तयारी आहे. त्यासाठी आपण वेळ द्यावा, ही विनंती.

आपला,
नैसर्गिक संयुगांच्या संश्लेषणात काम करणारा एक रसायनशास्त्रज्ञ