पापडावरचा दिवा आणि काचेचा चुरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही पापडांच्या सरकत्या पट्ट्यावर इन्फ्रारेड दिवे बसवले. एकेक किलोवॉटच्या १२ नळ्या. हा दिवा हवा तापवत बसत नाही, थेट पापडालाच ऊब देतो. बटण दाबलं की क्षणात लाल. कडा वळू नयेत म्हणून उंची जमवण्यात मात्र अख्खा श्रावण गेला, करपलेले पापड घरीच खावे लागले ते वेगळं.

एका पहाटे दोन पापडांच्या मधे काहीतरी चमकलं. दिव्याची नळी तडकून क्वार्ट्झ काचेचे बारीक तुकडे पडले होते. पट्ट्यावरचा आणि डब्यातला, ४० किलो माल फेकला. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, 'तुकडे अडवणारी जाळी वेगळी घ्यावी लागते, ताई.' नळीला उघडा हात लावायचा नाही, हेही त्याने सांगितलं नव्हतं. बोटांचं तेल-मीठ तापलं की काच तिथे पांढुरकी होते आणि ठिसूळ पडते. आमच्याकडे नळ्या रोज हातानेच पुसल्या जायच्या!

अन्नसुरक्षेच्या २०११च्या परवाना विनियमांतील अनुसूची ४ सांगते की दिवा फुटला तरी अन्न दूषित होऊ नये, असं संरक्षण हवं. तपासणीत आमच्या ट्यूबलाइटचं कव्हर पाहिलं गेलं, तापवणाऱ्या नळीकडे कुणी मान वर केली नाही. तीही पाहावी, आणि जाळीविना असे दिवे विकूच देऊ नयेत.

– एक पापड उद्योजिका, जळगाव