रीचरवरही लिहा की कधीतरी

संपादक साहेब,
तुमच्या रविवारच्या पुरवणीत पुस्तकांवर एवढं लिहून येतं पण थ्रिलरचं नाव निघालं की सगळे गप्प, जणू ते वाचणं म्हणजे चोरीच. ली चाइल्ड या लेखकाच्या जॅक रीचर या नायकावर एकदा लिहा ना. सहा फूट पाच इंच उंची, अमेरिकन आर्मीच्या मिलिटरी पोलिसातला माजी मेजर, आता घर नाही गाडी नाही बॅग नाही, खिशात फक्त घडीचा टूथब्रश, कपडे मळले की स्वस्तातले नवे घ्यायचे आणि जुने टाकून द्यायचे (आमच्या घरी असं केलं तर आई घरात घेणार नाही!). पहिल्या पुस्तकात हा बाबा जॉर्जियातल्या एका छोट्या गावात डायनरमध्ये अंडी आणि कॉफी घेत बसलाय आणि पोलिस बंदुका रोखून आत येतात, तो शांतपणे बघत बसतो कोण कुठे उभंय ते, आणि तिथेच आपण अडकतो. लेखक मूळचा इंग्लंडचा, मँचेस्टरला ग्रॅनाडा टीव्हीत होता, 1995 मध्ये नोकरी गेली म्हणून लिहायला बसला आणि 1997 मध्ये हे पुस्तक आलं. टॉम क्रूझ चांगला नट आहे हो पण सिनेमात रीचर म्हणून काय पटला नाही, उंचीच नाही ना! 2022 च्या सिरीजमधला अ‍ॅलन रिचसन मात्र एकदम फिट. 2020 पासून लिहायला ली चाइल्डचा भाऊ अँड्र्यू जोडीला आलाय आणि माझ्या मते तेव्हापासून मजा जरा पातळ झालीये. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारवर वाढलेले वाचक अजून आहेत, त्यांना हे नक्की आवडेल.

– एक वाचक, डोंबिवली