भिडे मास्तरांची वही आणि आमच्या घरचे मतभेद

मा. संपादक,

‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ ही हिंदी विनोदी मालिका २८ जुलै २००८ ला सुरू झाली, तेव्हा माझा नातू जन्मलाही नव्हता. आता तो कॉलेजात आहे आणि जेवताना मोबाइलवर फक्त जुने भाग लावतो. "आज्जी, नवीन काय बघतेस? आठवडाभर एकाच पार्सलची चर्चा!" असं म्हणतो. खोटं नाही. एक वाक्य बोललं की प्रत्येकाचा चेहरा दाखवायचा, वर ढँण्‌ढँण्‌ वाजवायचं. तेवढ्यात माझी भाकरी भाजून होते.

शेजारच्या कन्नड मावशींचं मात्र एकच: "दया यावी." दयाचं काम करणाऱ्या दिशा वकानी २०१७ पासून मालिकेत नाहीत, हे त्यांना अजून पटत नाही. मालिकेत नवीन आलेलं राजस्थानी कुटुंब मला आवडलं, घरात इतर कुणाला नाही.

मी बघते ती मालिकेतल्या भिडे मास्तरांसाठी, शिकवण्या घेणारे आणि पै-पैचा हिशेब ठेवणारे मराठी मास्तर. वडगावात तीस वर्षं मीही शिकवण्या घेतल्या. हिशेबाची वही माझ्याकडेही होती, म्हणून मी कंजूष नव्हते! मराठी माणूस म्हटला की दमडी मोजणाराच का? त्यांच्या पत्नी माधवीताईंच्या लोणची-पापडांच्या धंद्यावर चार चांगले भाग होतील. पण त्यांचं मध्येच "अहो" ऐकू आलं, की हिंदी वाहिनीवर, इथे बेळगावात बसून, बरं वाटतं हो. त्या एका शब्दासाठी टीव्ही बंद करवत नाही.

— एक निवृत्त शिक्षिका, वडगाव, बेळगाव