साडेपाचला लॅबला कुलूप, मग सराव कुठे करायचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अभियांत्रिकी प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत संगणक प्रयोगशाळांचे फोटो झळकू लागतात. पालक ते पाहतात, ‘कॉम्प्युटर किती आहेत?’ असेही विचारतात. लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. पश्चिम महाराष्ट्रातील खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रयोगशाळा सहायक म्हणून माझी नोकरी झाली. त्या अनुभवावरून सांगतो, आधी विचारायला हवा तो हाच प्रश्न.

एका विषयाचे आठवड्याला दोन तासांचे प्रॅक्टिकल. त्यात हजेरी, जुनी मशीन सुरू होण्याची वाट, मागच्या जर्नलवर सह्या, आणि दोन-चार मशीन बंद म्हणून एका खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची. हाताला जेमतेम तासभर लागतो आणि त्यातलाही बराचसा शेजारच्याचे बघण्यात जातो. प्रोग्रॅमिंग बघून येत नाही. चुकलेली ओळ शोधत तासन् तास बसावे लागते आणि ते बसणे वेळापत्रकात मावत नाही. ज्याच्याकडे लॅपटॉप आहे तो घरी बसतो. ज्याच्याकडे नाही तो मोबाइलवर कोड टाइप करतो. प्लेसमेंटची ऑनलाइन परीक्षा सायबर कॅफेत जाऊन देणारी मुले मी पाहिली आहेत, आणि त्याच वेळी त्यांच्याच महाविद्यालयातल्या लॅबला बाहेरून कुलूप असायचे.

राज्य सरकारने 2024-25 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. फार चांगला निर्णय. पण फी माफ झालेल्या मुलीच्या घरी लॅपटॉपसाठी चाळीस-पन्नास हजार कुठून येणार? तंत्रशिक्षणाचे नियमन करणारी केंद्रीय परिषद, एआयसीटीई, सर्वांना मोफत लॅपटॉप देणार, असा संदेश मध्यंतरी व्हॉट्सअॅपवर फिरत होता. तो खोटा असल्याचा खुलासा पीआयबीला, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला, करावा लागला. अशा संदेशावर मुले विश्वास ठेवतात, यातच त्यांची गरज दिसते.

लॅब बंद का राहते, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. याचे मूळ डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे कायमस्वरूपी सामानाच्या नोंदवहीत आहे. प्रत्येक मॉनिटर, प्रत्येक माउस लॅब असिस्टंटच्या सहीने तिथे चढतो. रॅमची एक पट्टी गेली तरी जाब त्याला द्यावा लागतो. कुठे कुठे पगारातून वसुलीही होते. त्यातून तो कंत्राटी, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. असा माणूस साडेपाचला कुलूप लावणार नाही तर काय करणार? त्याच्या जागी कोणीही असते तरी हेच केले असते. उघडी लॅब हा त्याच्यासाठी धोका, बंद लॅब ही सुरक्षितता. वर तपासणीला येणाऱ्या समित्या पाहतात ते खरेदीची बिले, रजिस्टर आणि मशीनची संख्या. विद्यार्थ्याने ती यंत्रे प्रत्यक्ष किती तास वापरली, याची खोलात चौकशी माझ्या नोकरीत कोणी केल्याचे मला आठवत नाही.

आता नवीन अडचण आली आहे. विंडोज 10 साठीचा नियमित आधार, म्हणजे मोफत सुरक्षा अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर त्याला चालत नाहीत. अनेक लॅबमधली मशीन त्याहून जुनी आहेत. ती भंगारात काढण्याची घाई करू नये, ही माझी कळकळीची विनंती. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम वाढवली आणि विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, की तीच मशीन सी, पायथन, डेटाबेस यांसाठी आणखी काही वर्षे सहज चालतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमातही प्रॅक्टिकलसाठी मुक्तस्रोत लिनक्सची शिफारस आहे. आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प सायलॅब, ईसिम, ओपनफोम यांसारखी मोफत सॉफ्टवेअर शिकवतो. ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे तर मराठीतूनही आहेत. असे असताना काही ठिकाणी अजूनही निळ्या पडद्याच्या टर्बो सी या जुन्या सॉफ्टवेअरवर मुले पडदा पुसणाऱ्या clrscr() च्या ओळी घोकतात. सीच्या प्रमाणित लायब्ररीत ते फंक्शनच नाही, आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांना ते कुठेच सापडत नाही. याचे वाईट वाटते.

प्राध्यापकांची अवस्थाही वेगळी नाही. मेकॅनिकलकडे महागडे सिम्युलेशन सॉफ्टवेअर असते, सिव्हिलच्या मॅडमना पीएचडीसाठी तेच हवे असते, पण ते ‘आमच्या विभागाचे’. खरे तर नेटवर्क लायसन्स असेल तर एका वेळी किती जण वापरतात एवढेच मोजले जाते. खोली कोणती, याने सहसा फरक पडत नाही. रात्री ती लायसन्स रिकामी पडून असतात. 1963 साली आयआयटी कानपूरला आयबीएम 1620 आला, तेव्हा एकच यंत्र सगळ्या संस्थेने वाटून वापरले. आपल्याकडे आज शेकडो यंत्रे आहेत आणि प्रत्येक विभागाची किल्ली वेगळी. सर्व विभागांचे मिळून एक संगणक केंद्र, त्याला कायमस्वरूपी सिस्टीम अॅडमिनिस्ट्रेटर, प्रत्येक विद्यार्थ्याला आणि शिक्षकाला स्वतःचे लॉगिन, कोणत्याही मशीनवर बसले तरी आपल्या फाइली समोर याव्यात अशी सर्व्हरवर जागा, एवढे केले तर निम्म्या तक्रारी मिटतील. पेनड्राइव्हमधून फिरणारे व्हायरसही कमी होतील.

खर्चाचे कारण पुढे केले जाईल. पण खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते ती महाविद्यालयाने दाखवलेल्या खर्चावरून. संगणक, वीज, देखभाल हे सगळे त्या हिशेबात धरलेले असते. म्हणजे लॅबचे पैसे कोणी विद्यार्थ्याच्या खिशातून, कोणी सरकारी प्रतिपूर्तीतून, आधीच भरलेले आहेत.

म्हणून माझ्या मागण्या अशा. निदान एक लॅब रोज रात्री नऊपर्यंत आणि परीक्षेच्या काळात रविवारीही उघडी ठेवावी. तिथे दुसऱ्या पाळीचा माणूस पूर्ण पगारावर नेमावा. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनाही मानधन देऊन मदतीला घेता येईल. मुलींना वसतिगृहात किंवा एसटी स्टँडपर्यंत पोहोचवण्याची सोय त्यातच धरावी, नाहीतर उघडी लॅब फक्त मुलांची होईल. सामानाचा विमा काढावा, कॅमेरे लावावेत आणि डेड स्टॉकची वैयक्तिक वसुली लेखी आदेशाने थांबवावी. हे होईपर्यंत बाकी काही होणार नाही. विद्यापीठाच्या तपासणी समित्यांनी सर्व्हरवरची लॉगिनची नोंद मागवून लॅब प्रत्यक्ष किती तास वापरात होती ते अहवालात लिहावे. आणि सीईटी कक्षाने प्रवेशाच्या वेळी महाविद्यालयांची जी माहिती दिली जाते, त्यात लॅबच्या वेळेचा एक रकाना येत्या प्रवेशप्रक्रियेपासूनच घालावा.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, सातारा जिल्हा