परीक्षा संगणकावर, रुग्ण खाटेवर

माननीय संपादक,

परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन परतणाऱ्या डॉक्टरांविषयीची चर्चा बहुधा उत्तीर्णांच्या टक्केवारीपाशीच थांबते. भारतात त्यांच्यासाठी २००२ पासून घेतल्या जाणाऱ्या पात्रता परीक्षेत ३०० बहुपर्यायी प्रश्न असतात आणि १५० गुण मिळाले की उमेदवार उत्तीर्ण होतो. मात्र त्याला रुग्णाचे पोट नीट तपासता येते का, घाबरलेल्या नातेवाइकांशी बोलता येते का, हे त्यातून कळत नाही. ब्रिटनमध्ये परदेशी पदवीधर डॉक्टरांसाठी असलेल्या ‘प्लॅब’ परीक्षेचा दुसरा टप्पा नेमका यासाठीच आहे. तेथे उमेदवार एकामागून एक कक्षांत जाऊन रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तींना तपासतो आणि परीक्षक ते प्रत्यक्ष पाहून गुण देतात.

ठाण्यातील एका रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करताना मी परदेशातून शिकून आलेले असे अनेक आंतरवासित (इंटर्न) डॉक्टर पाहिले. त्यांतील एकाचा हात शीर शोधताना सुरुवातीला थरथरत असे, पण वॉर्डातल्या आजीबाई मात्र त्याचीच वाट पाहत. सहा महिन्यांनी रात्रपाळीत आम्हालाही तोच हवासा वाटू लागला. ही प्रगती कोणत्याही गुणपत्रिकेवर आली नाही. आंतरवासितेच्या वहीवर वर्षअखेरीस एकगठ्ठा सह्या करण्याऐवजी वरिष्ठांनी दर महिन्याला प्रत्यक्ष तपासणी पाहून अभिप्राय लिहावा, आणि हाच नियम देशातील पदवीधरांनाही लावावा, अशी विनंती आहे.

एक निवृत्त परिचारिका, ठाणे (पश्चिम)